बंद पडल्याचे कारण

"हळदीनं आजपर्यंत कोणाचं वाईट झालं, सांग बरं."

हे आई कुकरला विचारत होती. मी तिच्या मागे दीड हातावर फ्रिजमधून दही काढत होते, पण प्रश्न मला नव्हता. मला विचारायचं असतं तर तिनं पाठ केली नसती. कुकरनं एक शिट्टी दिली. ते उत्तर पटल्यासारखी आईनं मान हलवली आणि गॅस बारीक केला.

जेवायला बसलो तर वरण पांढरं. बटाट्याची भाजी पांढरी. झुणका म्हणून जे वाढलं होतं त्याचा रंग आमच्या बाहेरच्या भिंतीला आहे. बाबांनी ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मीठ मागितलं, ज्याची काही गरज नव्हती.

"हळद संपली का गं?" मी विचारलं.

"डबा भरून हाय," आई म्हणाली. "पण हळदीनं सामान बिघडते म्हणे. माणसाच्या पोटातही मशिनी राहतात. उगाच रिस्क काहून घ्या?"

भाताचा घास बाबांनी इतका वेळ चावला की मला वाटलं, आता बोलतील. मग ते पाणी प्यायले.

प्रकरण वरणापर्यंत कसं आलं ते सांगते.

आमच्या मानेवाड्याच्या कॉलनीत जे नागरिक मंडळ आहे त्याला यंदा पन्नास वर्षं झाली. त्यानिमित्त घरोघरच्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. मंडळाच्या सचिव शोभाताई वही घेऊन दारोदार फिरत होत्या. शोभाताई शिक्षण खात्यातून निवृत्त झाल्या आहेत, पण खातं त्यांच्यातून निवृत्त व्हायला तयार नाही. त्या आमच्याकडे आल्या, सोफ्याच्या काठावर बसल्या आणि म्हणाल्या, "भोयरसाहेब, तुमचा तो कॉम्प्युटर पाहिजे. अख्ख्या कॉलनीतला पहिला. सत्याऐंशी साल ना?"

"हो," बाबा म्हणाले आणि चहाचा पुढचा घोट बराच लांबवला.

"बंद असेल आता?"

इथे बाबांना बोलू द्यायचं सोडून मी बोलले. "बंद का ठेवायचा? मी करून देते ना चालू."

हे मी का बोलले याचा नंतर पुष्कळ विचार केला. त्याचं असं आहे की मी इलेक्ट्रिकची कामं यूट्यूब पाहून पाहून शिकले आहे. मिक्सर, इस्त्री, पाण्याच्या मोटरचा स्विच, सगळं मी केलंय. वरच्या मजल्यावरच्या सिंधूताईंच्या दाराची बेलसुद्धा मीच दुरुस्त केली. ती आता एकदा दाबली की थांबत नाही, पण वाजत नाही असं कोणी म्हणू शकत नाही. तर पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या बाईला चारचौघांत एकदा 'वा प्रीती' म्हणवून घ्यावंसं वाटलं, एवढाच माझा गुन्हा.

शोभाताईंनी लगेच वहीत लिहिलं: चालू स्थितीत. बाबांच्या हातातला कप बशीवर जरा जोरात टेकला.

तो कॉम्प्युटर म्हणजे एक जाडजूड कीबोर्ड, बस. सगळं यंत्र त्या कीबोर्डच्या पोटात. तो टीव्हीला जोडायचा. बाबांच्या आत्येभावानं अमेरिकेहून आणला होता. बाबा तेव्हा पाटबंधारे खात्यात होते, आणि कॉलनीतले सगळे अर्ज, तक्रारी, दाखले आमच्याच ओसरीवर लिहिले जात. 'भोयरसाहेबांना विचारा' हे कॉलनीत वाक्य नव्हतं, पत्ता होता. अशा माणसाच्या घरी कॉम्प्युटर आला म्हटल्यावर उद्घाटन होणारच. चौदा जून, रविवार, संध्याकाळी सहा. बाबांनी सफारी घातली होती, आईनं चिवडा केला होता, माणसं यायला लागली होती, आणि सहाला दहा मिनिटं कमी असताना लाइन गेली. लोक तासभर कंदिलात बसले, चिवडा खाल्ला, "लाइन आली की बोलवा" म्हणून गेले. मी अकरा वर्षांची होते. समोर शोभाताईंच्या ओट्यावरचा बल्ब जळत होता म्हणून मी आईला विचारलं, तर म्हणाली, "त्यांचा फेज अलग हाय."

त्यानंतर कोणाला बोलावलं नाही. यंत्र नाजूक आहे, रोज लावायचं नसतं, लहानांनी हात लावायचा नाही, असं बाबांनी जाहीर केलं. कॉम्प्युटर लोखंडी कपाटावर गेला आणि आईनं त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातला. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, तो खाली उतरायचा. पाटावर बाबांचा टेस्टर आणि पाना, आईची विळी आणि शिलाई मशीन, मधोमध कॉम्प्युटर. आई त्याला हळदकुंकू वाहायची, अक्षता टाकायची, झेंडूचं फूल ठेवायची, बाबा हात जोडायचे, आणि स्वारी पुन्हा वर. अशा अडतीस खंडेनवम्या.

मी तो जेवणाच्या टेबलावर घेतला आणि स्क्रू काढले. सिंधूताई बघायला आल्याच होत्या. झाकण उचललं तर आतून हळदीचा पिवळा ढगच वर आला. त्याखाली कुंकू, वाळलेल्या पाकळ्या आणि कळांच्या फटींतून आत गेलेल्या लाल अक्षता. एखाद्या यंत्राचं नाही, देवघराचं झाकण उघडल्यासारखं वाटलं.

"घ्या," सिंधूताई म्हणाल्या, "रुखमाबाईच्या हळदीनंच मेला हा बिचारा."

आम्ही दोघी हसलो. रुखमाबाई, म्हणजे माझी आई, दारात उभी होती, तीसुद्धा जरा हसली. आणि मग बाबा पेपरच्या मागून म्हणाले, "तेच कारण असन."

तीन शब्द. आईचं हसू तिथेच राहिलं, म्हणजे तोंडावरच राहिलं, पण त्याच्यामागे कोणी नव्हतं.

मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, कारण माझ्यापुढे मंडळाचा अर्ज होता. वस्तूचे नाव. खरेदी दिनांक. चालू स्थितीत आहे काय? असल्यास तंत्रज्ञाचा दाखला जोडावा. पूर्वी बंद पडली असल्यास बंद पडल्याचे कारण. शेवटच्या रकान्यात मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'खंडेनवमीच्या पूजेतील हळदकुंकू आत गेल्याने.' अर्जदाराच्या जागी 'रुपराव भोयर यांचेकरिता' अशी सही केली. बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली. स्वयंपाकघरात भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि त्या रात्रीपासून आमच्या घरातला पिवळा रंग गेला.

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. सिंधूताई म्हणाल्या, "तांदळात ठेव. आमच्या गोलूचा मोबाइल पाण्यात पडला होता, दोन दिवस तांदळात ठेवला अन् सुधरला." कॉम्प्युटर पाण्यात पडला नव्हता. पण अडलेल्या माणसाला फरक दिसत नाही. मी तो तांदळाच्या कोठीत उतरवला आणि वरून तांदूळ लोटले. दोन दिवस भात बंद, पोळ्या चालू.

"आधी माह्या चिमूटभर अक्षतेनं बिघडला," आई कोठीकडे पाहून म्हणाली, "आता पायलीभर तांदळानं सुधरते."

तो सुधरला नाही. तांदळातून काढल्यावर हलवला की आता खुळखुळ्यासारखा वाजत होता, एवढीच प्रगती. मी पुण्याला जितेंद्रला, माझ्या मोठ्या भावाला फोन लावला. शाळेत असताना हा पठ्ठ्या वर्गात सांगायचा की आम्ही घरी कॉम्प्युटरवर गेम खेळतो.

"दादा, तो चालायचा तेव्हा स्क्रीनवर काय दिसायचं रे? म्हणजे मला कळेल, दुरुस्त झाला की नाही ते."

"काय दिसायचं म्हणजे... हिरवं दिसायचं. हिरव्यावर अक्षरं. मी मीटिंगमध्ये आहे."

बाबांना विचारलं तर म्हणाले, "निळं." आईला विचारलं तर म्हणाली, "मी सैपाकघरात राहायची. मले काय माहीत?" नंतर माझ्या लक्षात आलं की आमच्याकडे तेव्हा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता.

यंत्र पिशवीत घालून मी सीताबर्डीला गेले. पहिल्या दुकानदारानं ते उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "कॉम्प्युटर कुठं हाय याचा?"

"हाच आहे."

"हा तर कीबोर्ड हाय मॅडम. सीपीयू आणा."

दुसऱ्यानं तेच विचारलं. तिसऱ्यानं माझ्याकडे अशा मायेनं पाहिलं, जशी मी देवळाबाहेर चुकलेली म्हातारी आहे, आणि म्हणाला, "घरी कोणी मोठं हाय का, फोन लावून देऊ?" त्यानंतर मी फुटपाथवर उभी राहून एक उसाचा रस प्यायले. दोन प्यायले. चौथ्या दुकानातल्या माणसानं मात्र पिशवीत डोकावून न हसता सांगितलं, "इंदोऱ्याले प्रशिकभाऊकडे जा. जुनं फक्त तेच पाहतात."

प्रशिकभाऊंचं दुकान म्हणजे रेडिओंचा वृद्धाश्रम. स्वतः पन्नाशीचे, चष्मा कपाळावर, बोलणं कमी. त्यांनी यंत्र पाहून 'कॉम्प्युटर कुठं हाय' असं विचारलं नाही, म्हणूनच मला ते देवमाणूस वाटले. त्यांनी झाकण उघडलं, मऊ ब्रश घेतला आणि आतला ऐवज एका पेपरवर काढायला लागले.

"हा पांढरा तांदूळ?"

"माझा."

"अन् हा लाल?"

"आईचा."

त्यांनी दोन्ही ढीग वेगळे ठेवले. मग बराच वेळ एका कोपऱ्यात ब्रश फिरवत राहिले, चष्मा डोळ्यांवर आणला, आणि मला जवळ बोलावलं.

"मॅडम, हे पहा. हळद वर हाय. काजळी खाली हाय."

मला काही कळलं नाही.

"हा भाग जळला हाय. त्याची काजळी पसरली. अन् त्या काजळीवर हळद बसली, थरावर थर. काजळीच्या खाली एक दाणा हळद नाही. म्हणजे समजून घ्या, पहिली हळद पडायच्या आधीच हा जळला होता. हळदीनं याले काही नाही केलं." मग त्यांनी मागचं लेबल दाखवलं. "हा एकशे दहाचा हाय. अमेरिकेत लाइन एकशे दहाची राहते, आपली दोनशे तीस. मधात ट्रान्सफॉर्मर लावा लागते. कोणी सिद्धा भिंतीले लावला असन. वायर अमेरिकेची हाय, पण प्लग आपला हाय. हा कोणी बसवला?"

तपकिरी, जाड, तीन पिनांचा प्लग. त्यांनी तो उघडला. आत कागदाची बारीक चिठ्ठी चिकटवलेली होती, आणि तिच्यावर निळ्या शाईत, ज्या अक्षरात मला शाळेच्या प्रगतिपुस्तकावर सही मिळायची त्या अक्षरात लिहिलं होतं: १४-६-८७.

माझे बाबा तारीख घालतात. बल्ब लावला की बल्बवर, घड्याळात सेल टाकला की सेलवर, झाडू आणला की झाडूच्या दांड्यावर. किती दिवस टिकला ते कळावं म्हणून. अडतीस वर्षांत या प्लगचा तेवढाच एक हिशेब राहिला होता.

मी स्टुलावर बसले. मला एकदम तुरीच्या डाळीचा डबा आठवला. त्याच पावसाळ्यात मी डाळ काढायला हात घातला तर आत पांढरी चिनीमातीची वस्तू लागली होती, दोन्ही टोकांना पितळ. आई म्हणाली होती, "ठेव ते. डाळीले कीड लागू नये म्हणून हाय." मी पुढे लग्न झालेल्या दोन मैत्रिणींनाही हा उपाय सांगितला. तो घरातला जुना फ्यूज होता आणि त्याच्या जागी दुसरा बसवला गेला होता, हे मला मिक्सर-मोटर शिकल्यावरही सुचलं नव्हतं, कारण आईवर शंका घ्यायचं शिक्षण यूट्यूबवर मिळत नाही.

म्हणजे पाहुणे यायच्या तोंडावर बाबांनी यंत्र भिंतीला लावलं, ते जळलं, आणि सफारी घालून उभ्या असलेल्या नवऱ्याची लाज जाऊ नये म्हणून आईनं अख्ख्या घराचा फ्यूज काढून डाळीत पुरला. आणि आज त्याच बाईच्या हळदीवर आळ आला, तर तो नवरा पेपरच्या मागून म्हणाला, तेच कारण असन.

"दाखल्यावर काय लिहू?" प्रशिकभाऊंनी हळूच विचारलं.

"चालू स्थितीत. तेवढंच लिहा."

"होईन चालू. पण चित्र धावते याचं आपल्याकडच्या टीव्हीवर. मागं नॉब असलेला जुना टीव्ही लागन, ते चित्र धरून ठेवायले."

असा टीव्ही काटोलला मामांच्या घरी, संत्र्याच्या रिकाम्या पेट्यांखाली होता. तो मी एसटीनं आणला. कंडक्टरनं विचारलं, "चालू हाय का बंद?" चालू असेल तर घरगुती सामान, बंद असेल तर भंगार, दोन्हींचा नियम निराळा. मी म्हटलं, "माहीत नाही." तो म्हणाला, "मंग मी काय फाडू?" मागच्या सीटवरून एक गृहस्थ म्हणाले की लावून पाहा. बसमध्ये. नागपूर येईपर्यंत त्यावर चर्चा चालली, आणि मी टीव्हीला मिठी मारून विचार करत राहिले की घरी कोणाला काय सांगायचं.

आईला सांगावं, तर ती म्हणणार, चूप बस. बाबांना सांगावं, तर ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला, ज्याला अख्खी कॉलनी अजून साहेब म्हणते, असं कसं सांगायचं की प्लगमधली तुमची चिठ्ठी सापडली? मी वाट पाहायची ठरवलं. ते स्वतः बोलतील. मी बाबांवर रागावले होते, आणि ते त्यांना कळू नये म्हणून जास्त गोड बोलायला लागले, त्यामुळे त्यांना कळलं. ते माझ्यासमोरून उठून जायला लागले. जेवणात पांढरं वरण येतच होतं. एके दिवशी पांढऱ्या पातोड्या झाल्या. बाबांनी रस्सा भुरकला आणि ठसका लागून उठले.

निदान कार्ड तरी बदलावं म्हणून मी शोभाताईंकडे गेले. प्रत्येक वस्तूपुढे अर्जातली माहिती कार्डावर लावणार होते.

"लॅमिनेशन झालं," शोभाताई म्हणाल्या.

"नवं करा. कारण चुकलंय."

"कारण बदलायचं तर दुरुस्ती अर्ज लागेल. अर्जदाराच्या सहीनं."

"अर्जदार मीच आहे ना."

त्यांनी फाइल उघडली, पान काढलं, चष्मा लावला. हे सगळं त्यांना आवडत होतं. "अर्जदार रुपराव भोयर. तुम्ही 'यांचेकरिता' आहात. आणि खरं कारण काय ते त्यांनी स्वतः लिहायला पाहिजे. उद्या कोणीही येऊन कारणं बदलायला लागलं तर मंडळ चालेल का?"

मी दुरुस्तीचा कोरा अर्ज आणून बाबांच्या टेबलावर ठेवला. "शोभाताईंनी दिलाय. कार्डावरचं कारण बदलायचं असेल तर." एवढंच म्हटलं. त्यांनी त्यावर चष्म्याची डबी ठेवली. तीन दिवस डबी तिथेच होती. चौथ्या दिवशी मी धूळ पुसायच्या निमित्तानं डबी उचलली. अर्जावर तारीख घातलेली होती. बाकी कोरा.

शनिवारी दुपारी प्रशिकभाऊंच्या दुकानात तो चालू झाला. काटोलच्या टीव्हीवर चित्र आधी धावलं, मग त्यांनी मागचा नॉब दोन बोटांनी धरला आणि ते थांबलं. काळ्यावर पांढरी अक्षरं. शेवटी एक चौकोन लुकलुकत होता, कोणी काही लिहील याची वाट पाहत. मला उगाच भरून आलं. प्रशिकभाऊ दुसरीकडे बघत म्हणाले, "हा ट्रान्सफॉर्मर मधात लावल्याशिवाय लावायचा नाही. विसरू नका."

मी यंत्र, टीव्ही आणि लोखंडी डब्यासारखा तो ट्रान्सफॉर्मर घेऊन घरी आले.

"हा डबा कायचा?" आईनं विचारलं.

आता, मी म्हणू शकले असते की यानं यंत्र जळत नाही. पण मग ती विचारणार, जळते हे तुले कोणी सांगितलं? मी म्हटलं, "असाच. लागतो."

आई प्लगकडे बघत होती. तपकिरी, तीन पिनांचा. "अन् हा? हा भिंतीलेच लावतात का उद्या?"

"मग कुठं लावणार?"

तिनं केरसुणी घेतली आणि नुकताच झाडलेला कोपरा पुन्हा झाडला. मग पुन्हा झाडला. थोड्या वेळानं बाबा आले, यंत्राकडे न बघता उभे राहिले.

"खरंच चालू झाला?"

"झाला."

"उद्या बटन मलेच दाबावं लागते का?"

"पत्रिकेत छापलंय बाबा."

ते रात्री जेवले नाहीत. आई म्हणाली, "पित्त असन," आणि तीही जेवली नाही. पांढऱ्या वरणासमोर मी एकटी बसले होते.

रविवारी संध्याकाळी सात वाजता मंडळाचा तळघरातला हॉल भरला. खिडकी नाही, सगळा कारभार ट्यूबलाइटवर. भिंतीशी पितळी बंब, दगडी जाती, कोणाचा तरी फिरत्या डायलचा फोन. मधल्या टेबलावर आमचं यंत्र, बाजूला काटोलचा टीव्ही, खाली ट्रान्सफॉर्मर, आणि पुढे चकचकीत कार्ड. बाबांनी सफारी घातली होती. तीच. बटणं लागत नव्हती म्हणून वरून शाल घेतली होती. आई पहिल्या रांगेत. ती यंत्राकडे बघत नव्हती. ती दारापलीकडे जिन्याखाली बघत होती, आणि तिथे काय आहे ते मी पाहिलं नाही, ही माझी चूक.

शोभाताईंनी माइक घेतला. "आता आपल्या कॉलनीचा पहिला संगणक. सन एकोणीसशे सत्याऐंशी. भोयरसाहेबांनी स्वतः चालवलेला. मध्यंतरी आपल्या रुखमाबाईंच्या हळदकुंकवामुळे बंद पडला होता," इथे लोक हसले, "कार्डावर तसं स्पष्ट नमूद आहे," पुन्हा हसले, "पण त्यांच्या कन्येनं तो चालू स्थितीत आणला. साहेब, या."

आईनं पदर सारखा केला. तो सारखाच होता.

बाबा टेबलापाशी आले. त्यांनी कार्ड वाचलं. पाठ असलेली गोष्ट माणूस इतका वेळ वाचत नाही. मग त्यांनी बोट बटनावर ठेवलं. मी ट्रान्सफॉर्मरची वायर पुन्हा एकदा तपासली, वर पाहिलं, तर पहिल्या रांगेतली एक खुर्ची रिकामी.

मी "आई" म्हणेपर्यंत अंधार झाला.

पूर्ण अंधार. माइक बंद, पंखे हळूहळू थांबत गेले.

"लाइन गेली," कोणीतरी म्हणालं.

"बसून राहा, येईल दोन मिनिटांत," शोभाताई म्हणाल्या. "चहा बाहेर घ्या तोपर्यंत. मग बघू कॉम्प्युटर."

"वर तर चालू दिसते," सिंधूताईंचा आवाज आला. "जिन्यातून बाहेरच्या गेटवरचा दिवा दिसून राहिला मले."

"त्यांचा फेज अलग हाय," जिन्याखालून आई म्हणाली.

खुर्च्या सरकायला लागल्या. लोक उठत होते. अजून एका मिनिटात सगळे चहाला गेले असते, चिवडा खाऊन घरी गेले असते, आणि यंत्र कपाटावर गेलं असतं. माझ्या शेजारी बाबांचा श्वास ऐकू येत होता.

"बसा," बाबा म्हणाले. माइक नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "लाइन गेली नाही. आमच्या रुखमाबाईनं काढली. तिकडं जिन्याखाली मीटरपाशी उभी असन."

"मी पाणी प्यायले आली होती," आई अंधारातून म्हणाली.

कोणी तरी हसलं आणि थांबलं.

"तेव्हाही हिनंच काढली होती. फ्यूज काढून डाळीत लपवला. तुम्ही सगळे आमच्या घरी बसून होते." बाबा थांबले. "शोभाताई, तुम्हाले दुरुस्ती अर्ज पाहिजे होता ना. लिहून घ्या."

"साहेब, अंधार आहे," शोभाताई म्हणाल्या.

"मंग ध्यानात ठेवा. मी सिद्धा लावला होता भिंतीले. तुम्ही यायच्या अर्ध्या घंट्याआधी. फट् झालं अन् संपलं. तो एक दिवसही चालला नाही. हिची हळद पडली तेव्हा तो मेलेलाच होता, मीच मारला होता." त्यांचा हात टेबलावर कार्ड शोधत होता, माझ्या हाताला लागला, आणि तसाच राहिला. "हळदीचं नाव खोडा. तिथं माझं लिहा."